आधी फिरती, मग देखणी : प्रस्तावना

जुनी सायकल घरच्या घरी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायची तर दोन-तीन पाने, एक पेचकस, हातोडी, डबाभर डिझेल, ग्रीस, जुनी फडकी आणि थोडेसे रविवार एवढं पुरतं. यंत्राचं औपचारिक शिक्षण लागत नाही. जुन्या वस्तू दुरुस्त करण्याच्या छंदांपैकी इतक्या थोडक्या भांडवलावर सुरू होणारा आणि तरीही पुरता हाताखाली येणारा दुसरा छंद मला माहीत नाही. जुनी मोटार घेतली की इंजिनासाठी कुणाचं तरी दार ठोठावावंच लागतं. व्हॉल्व्हचा रेडिओ उघडायचा तर विजेचं भय असतं. मनगटी घड्याळाला भिंग, बारीक चिमटे आणि वर्षानुवर्षांचा सराव हवा. सायकलीत मात्र काहीच झाकलेलं नसतं. बिघाड डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, कानाला ऐकू येतो. ज्यांनी या सायकली बनवल्या त्यांनी त्या मालकानं स्वतः खोलाव्यात, साफ कराव्यात आणि पुन्हा जोडाव्यात अशाच बेतानं बनवल्या होत्या. ऐंशी वर्षांपूर्वीची सायकल आजही त्याच साध्या पान्यांनी उघडते.

हे पुस्तक पहिल्यांदाच पाना हातात धरणाऱ्या माणसासाठी आहे. त्याच्या घरी माळ्यावर, जिन्याखाली किंवा गावच्या परसात आजोबांची सायकल उभी आहे. टायर चपटे झालेत, चेन एकसंध गंजाची झालीय, सीटचं चामडं पापडासारखं वळलंय. दर दिवाळीला ती भंगारात द्यायची बोलणी होतात आणि दर दिवाळीला कुणाचा तरी जीव होत नाही. अशा घरांसाठी मराठीत नीट, क्रमवार, चित्रांसह लिहिलेलं काहीतरी हाताशी असावं, हा या पुस्तकामागचा हेतू आहे.

पुस्तक पुण्यातल्या कर्वेनगरात लिहिलं गेलं, यालाही कारण आहे. इथल्या सहवास सोसायटीत विक्रम पेंडसे यांनी उभारलेलं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. 2017 पासून ते लोकांना पाहायला मिळतं. शंभराहून कितीतरी अधिक सायकली तिथे आहेत, आणि त्यांच्याबरोबर दिवे, घंट्या, पंप, डायनॅमो, कुलपं, सीटा यांचा मोठा साठा. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली, मधोमध दुमडणारी बीएसए सायकल पुस्तकातल्या चित्रात पाहणं वेगळं आणि तिच्या बिजागरीचे पंखवाले नट हातभर अंतरावरून पाहणं वेगळं. नवशिक्यानं पाना उचलण्याआधी एकदा तिथे जाऊन यावं. मूळ सायकल कशी दिसत होती, तिच्यावरची सोनेरी रेघ किती बारीक होती, चेनकव्हर किती घट्ट बसत होतं, हे डोळ्यात साठवल्याशिवाय स्वतःच्या सायकलीचं काय करायचं हे ठरवता येत नाही.

कर्वेनगर म्हणजे पूर्वीचं हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी 1896 साली सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम 1900 साली इथल्या माळावर, एका झोपडीत आला. फर्ग्युसन महाविद्यालयातलं शिकवणं आटोपून कर्वे शहरातून इथवर पायी येत. त्याच माळावर आज शाळा, महाविद्यालयं आणि मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालयसुद्धा आहे. मुलींच्या शिक्षणात सायकलीचा वाटा किती होता, हे पुण्यातल्या कुठल्याही साठीच्या बाईंना विचारावं. बापानं किंवा भावानं घेऊन दिलेली लेडीज सायकल म्हणजे कुणाच्या सोबतीवाचून शाळेला, कॉलेजला, पुढे नोकरीला जाण्याची मुभा होती. अशा सायकली संग्राहकांच्या बाजारात कमी किमतीला जातात, कारण मागणी मधली दांडी असलेल्या पुरुषी सायकलीला जास्त. मला हे पटत नाही. ज्या घरात आजीची सायकल शिल्लक आहे, त्यांनी आधी ती हाती घ्यावी.

आता थोडा मागोवा. सायकलीचा इतिहास लांबलचक आहे, पण दुरुस्ती करणाऱ्याला त्यातले मोजकेच टप्पे कामाचे. 1817 साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसनं पायांनी जमीन रेटत चालवायचं दुचाकी यंत्र केलं. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लागलं. मग पुढचं चाक वाढत वाढत माणसाच्या छातीएवढं झालं. आपल्याला लागणारी सायकल 1885 साली जन्मली. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्लीनं रोव्हर नावाची सायकल बाजारात आणली, तिची दोन्ही चाकं जवळपास सारखी होती आणि मागचं चाक चेननं फिरत होतं. 1888 साली डनलॉपनं हवेचा टायर आणला. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर सायकलीचा सांगाडा जो ठरला तो ठरलाच. तुमच्या माळ्यावरची सायकल त्याच घराण्यातली आहे.

याच 1888 साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते मुंबईहून सायकली धाडत आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. रोव्हर बाजारात येऊन तीन वर्षं होतात न होतात तोच ही उलाढाल. पुढे लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी, पंप, इंजिनं हा सगळा पसारा झाला, पण आरंभ सायकलीनं झाला. मराठी माणसाच्या यंत्रउद्योगाचा इतिहास लिहिताना हे दुकान एका वाक्यात उरकलं जातं, ते बरं नाही. परदेशी यंत्र आणायचं, ते खोलून पाहायचं, बिघडलं तर इथेच दुरुस्त करायचं आणि मग स्वतः काही घडवायचं, हा रस्ता त्या दुकानातून निघाला.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे फिरणाऱ्या बहुतेक सायकली ब्रिटिश होत्या: नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बीएसए, हर्क्युलिस आणि फिलिप्स, कॉव्हेंट्रीची रज-व्हिटवर्थ, वुल्व्हरहॅम्प्टनची सनबीम आणि त्यांच्या पंगतीला हंबर. लेबल उडालेलं असलं तरी या सायकली ओळखता येतात, आणि नवशिक्याला सगळ्यात आधी आनंद मिळतो तो इथेच. पायडलजवळचं दात्यांचं चेनव्हील फडक्यानं पुसून पाहा. त्यात बगळ्यांची डोकी कोरलेली दिसली तर सायकल रॅलेची. माणसाच्या हाताचा पंजा दिसला तर रज. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला दोन्ही बाजूंना एकाऐवजी दोन-दोन नळ्या असतील तर हंबर असण्याचा संभव दाट. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका ही बीएसएची खूण, कारण ती कंपनी मुळात बंदुका बनवणारी होती. सनबीमचं चेनकव्हर चहूबाजूंनी बंद असतं आणि आत चेनला तेल मिळत राहतं, त्यामुळे त्या काळच्या चेना आजही गुळगुळीत निघालेल्या पाहिल्यात.

सायकल कोणत्या सालची, हेही तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर त्याच्या पोटावर साल ठोकलेलं सापडण्याची शक्यता मोठी. हा हब 1902 साली आला आणि रॅलेनं तो जगभर नेला. धातूचा मुलामाही बोलतो. क्रोमची पांढरी-निळसर चकाकी साधारण 1930 च्या सुमारास रुळली. त्याआधीचं निकेल किंचित पिवळसर, उबदार दिसतं. युद्धाच्या काळात मुलाम्याचा धातू मिळेना म्हणून हँडल, रिमसुद्धा काळ्या रंगात आले. तेव्हा हँडलावर काळा रंग दिसला की कुणीतरी नंतर फासला असं समजून तो घासू नका. तो मूळचाच असू शकतो आणि तसा असेल तर तीच त्या सायकलीची किंमत आहे.

देशी सायकलींची कहाणी तितकीच मोलाची आहे, आणि संग्राहकांच्या ब्रिटिश वेडात ती मागे पडते. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना 1939 च्या सुमारास उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, सोनीपतला अॅटलस आणि लुधियानात हिरो व एव्हॉन असे कारखाने निघाले. त्यातल्या दोघांची कथा एका कायद्यात संपते: हिंद सायकल्स आणि सेन-रॅले यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा 1980 साली झाला आणि पुढे ती दोन्ही नावं रस्त्यावरून हळूहळू गेली. अॅटलसनं साहिबाबादचा कारखाना 2020 साली जूनच्या 3 तारखेला बंद केला, नेमक्या जागतिक सायकल दिनी. वरळीत बनलेली हिंद सायकल आज सुस्थितीत सापडली तर ती इंग्लंडहून आलेल्या रॅलेहून दुर्मीळ समजावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटिश सायकलींवर तिकडे कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलंय. हिंद सायकलच्या मॉडेलांची साधी यादीही आपल्याला जुन्या जाहिराती आणि लोकांच्या आठवणी जुळवून करावी लागते.

आणि पुणे. सायकलींचं शहर ही ओळख या गावानं कमावलेली होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे कामगार, सरकारी कचेऱ्यांतले कारकून, क्लासला जाणारी पोरं, दूधवाले, पेपरवाले, सगळी दुनिया दोन चाकांवर होती. पेठापेठांतून तासाच्या बोलीवर सायकल भाड्यानं मिळे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस थांबवी. 1972 साल या कथेत वळणाचं आहे. त्याच वर्षी पुण्यातून कायनेटिकची लुना आली आणि बजाजची चेतकही. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत सायकल घरातल्या कर्त्या माणसाकडून शाळकरी मुलाकडे आली आणि तिथून माळ्यावर गेली. आज ज्या सायकली आपल्याला सापडतात त्यांतल्या बऱ्याच याच काळात उभ्या राहिलेल्या आहेत. त्या झिजून बंद पडल्या नव्हत्या, घरात स्कूटर आली म्हणून त्या थांबल्या. दुरुस्ती करणाऱ्यासाठी ही आनंदाची गोष्ट आहे. बेअरिंगचे आतले कप, कोन, छरे अनेकदा चांगल्या अवस्थेत असतात. वाळून दगड झालेलं असतं ते फक्त ग्रीस.

जुन्या सायकलीचं काय करावं, याबद्दल जगभर तीन विचार आहेत आणि त्यांचे अनुयायी एकमेकांशी कडाकडा भांडतात.

पहिला विचार सांगतो, सायकल कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी करा. रंग उतरवा, नव्यानं भट्टीचा रंग द्या, मुलामा नवा चढवा, रेघा पुन्हा ओढा, लेबलं छापून लावा. प्रदर्शनांत बक्षिसं मिळवणाऱ्या सायकली बहुधा या घरातल्या. काम खर्चाचं आहे, आणि नीट न झाल्यास सायकल लग्नाच्या वऱ्हाडातल्या मोटारीसारखी दिसू लागते.

दुसरा विचार संग्रहालयांच्या शिस्तीतून आला. मूळचं जे टिकलंय ते राखा, गंज थांबवा, आणि आपण जे करू ते पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. ब्रिटनमध्ये 1955 पासून चालू असलेल्या व्हेटरन-सायकल क्लबच्या मंडळींनी कारखान्यांच्या नोंदी, क्रमांक, जाहिराती जपून या विचाराला अभ्यासाची बैठक दिली. उडालेला रंग हाही त्या सायकलीच्या आयुष्याचा पुरावा आहे, असं ते मानतात.

तिसरा विचार चालवणाऱ्यांचा. सायकल रस्त्यावर फिरली पाहिजे. त्यासाठी नवी टायर, नवी चेन, नवे ब्रेक-रबर लावायला हरकत कसली? इटलीत टस्कनीच्या कच्च्या रस्त्यांवर 1997 पासून लेरोइका नावाची फेरी निघते, तिच्यात 1987 पूर्वीच्या शर्यतीच्या सायकली लागतात. लंडनमध्ये 2009 पासून लोक जुन्या धाटणीचे लोकरी कपडे घालून जुन्या सायकलींवर निघतात. आपल्याकडे हा विचार कुणी पंथ म्हणून मांडला नाही, पण तालुक्याच्या गावचा दूधवाला चाळीस वर्षं जुनी सायकल रोज कॅन अडकवून चालवतो तो याच पंथाचा.

हे पुस्तक दुसऱ्या आणि तिसऱ्या विचाराच्या बाजूचं आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. नवशिक्यानं पहिल्या वाटेनं जाऊ नये, असं आम्ही आग्रहानं सांगतो. उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी सायकल रंगवायला दिली जाते, आणि तिथे ती वाळूच्या मारानं घासली जाते. पन्नास वर्षं टिकलेली सोनेरी रेघ, सीटच्या नळीवरचं लेबल, मडगार्डवर विक्रेत्यानं ठोकलेली नावाची पट्टी, नगरपालिकेचा बिल्ला, सगळं अर्ध्या तासात जातं, आणि गेलेलं कोणीही परत आणू शकत नाही. रंग केव्हाही देता येतो. म्हणून क्रम असा: आधी ती फिरती करा. महिनाभर चालवा. मग ती किती देखणी व्हायला हवी ते ठरवा. बहुतेकांना तोवर तिचा मूळचा, ओरखडे पडलेला काळा रंगच आवडू लागलेला असतो.

काम कसं चालतं याची कल्पना यावी म्हणून एकच जागा जवळून दाखवतो. जुन्या सायकलीचं पायडल ज्या लोखंडी हाताला बसवलेलं असतं, तो क्रँक मधल्या अॅक्सलवर कॉटर नावाच्या बोटभर पिनेनं अडकवलेला असतो. पिनेची एक बाजू तिरपी कापलेली असते; ती पाचरीसारखी अॅक्सलच्या खाचेत घुसते आणि दुसऱ्या टोकाला नट आवळला की क्रँक पक्का होतो. चाळीस पावसाळे गेले की ही पाचर गंजानं जाम होते. इथेच बहुतेकांची पहिली हार होते. नट काढून पिनेच्या उघड्या टोकावर हातोडी हाणली की आटे चेपतात, टोक फुलतं, आणि पीन पूर्वीपेक्षा घट्ट बसते. त्याऐवजी चार-पाच दिवस रोज डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण थेंबथेंब सोडावं. मग नट पूर्ण न काढता पिनेच्या टोकाशी बरोबर येईपर्यंतच सैल करावा, म्हणजे घाव नट आणि टोक दोघं मिळून सोसतात. आता मुख्य गोष्ट. क्रँकच्या खाली, पिनेचं डोकं मोकळं राहील असा लोखंडी पाइपचा तुकडा फरशीवर उभा टेकवायचा. हा टेकू नसेल तर हातोडीचा सगळा दणका मधल्या छऱ्यांवर जातो आणि कपाला खड्डे पडतात. टेकू लागला, की लाकडाचा तुकडा मध्ये धरून जड हातोडीचा एकच ठाम घाव. दहा बारीक टकटकींपेक्षा हा एक घाव बरा. पीन सुटल्याचा आवाज निराळा असतो. एकदा ऐकला की विसरत नाही.

नवी कॉटर कोपऱ्यावरच्या दुकानात चहाच्या पैशांत मिळते, पण ती जशीच्या तशी ठोकू नये. तिची तिरपी बाजू कानसीनं घासून, लावून, काढून, पुन्हा घासून दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत येतील असं पाहावं लागतं. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या, नाहीतर पायडल मारताना पायाला दर फेरीत अडखळल्यासारखं वाटतं. क्रँक निघाल्यावर डावा कप सोडवून आतले छरे काढता येतात: पाव इंची, म्हणजे दोन सुती, दर बाजूला बहुधा 11. उजवा कप मात्र जागेवरच राहू द्यावा आणि बोटाला फडकं गुंडाळून आतून पुसावा. त्याचे आटे उलटे असतात, तसेच डाव्या पायडलचेही. हे माहीत नसल्यानं किती सायकलींच्या फ्रेमा वाया गेल्या असतील त्याची गणती नाही. रॅलेच्या बाबतीत आणखी एक मेख आहे: तिच्या मधल्या कपाचे आटे इंचाला 26, तर इतर बहुतेक ब्रिटिश सायकलींचे 24. दुकानातला साधा कप रॅलेत दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की संपलं.

या कामात धोके थोडे आहेत, पण आहेत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नये. घासावाच लागला तर ओला करून, तोंडाला फडकं बांधून. गंज काढायला ऑक्झॅलिक अॅसिड उत्तम, पण ते विषारी आहे. हातमोजे, उघडी जागा आणि घरातल्या मुलांपासून दूर ठेवलेली बादली, यात हयगय नको. पितळी दिव्याला चिंच चालते. निकेल चढवलेल्या बिल्ल्याला मात्र चिंच आणि भांडी घासायची पावडर लावू नये, मुलामा निघून येतो. ब्रूक्सचं चामडी सीट तेलात बुडवण्याचा सल्ला अजून दिला जातो. त्यानं चामडं मऊ होतं, आणि सैल पडून कायमचं झोळ खातं. मेणाचं मलम, तेही हलक्या हातानं, एवढंच त्याला लागतं.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? कारण आपल्याकडे आज जी सोय आहे ती फार दिवस राहील असं वाटत नाही. इंग्लंडातल्या छांदिष्टाला रॉड ब्रेकचा एखादा तुकडा किंवा 28 इंची दीड इंच रुंद टायर मिळवायला शोधाशोध करावी लागते. आपल्याकडे त्याच आराखड्याची काळी सायकल अजून बनते, म्हणून तो टायर, त्या कॉटर, ते ब्रेक-रबर, डायनॅमोचा बल्ब तालुक्याच्या दुकानातही सापडतो. नाना पेठेत, बोहरी आळीत, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात थोडं फिरलं तर ज्याला परदेशात दुर्मीळ म्हणतात ते तारेत ओवून टांगलेलं दिसतं. ही श्रीमंती आपल्याला कळलेली नाही. दुसरीकडे, चाकाच्या तारा एकेक आवळून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढणारा, 32 तारांचं पुढचं आणि 40 तारांचं मागचं चाक नजरेनं बांधणारा कारागीर साठी-सत्तरीत पोचलाय. त्याच्या मुलानं मोबाईलचं दुकान टाकलंय किंवा दुचाकीचं गॅरेज, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडे चाक बांधण्याची ही विद्या आजवर हातातून हातात गेली, कागदावर आली नाही. ती कागदावर उतरवण्याचा या पुस्तकात प्रयत्न आहे. चाकावरचं प्रकरण सगळ्यात लांब झालंय ते यामुळेच, आणि ते तसंच राहू दिलंय.

शहराचाही प्रश्न आहे. महापालिकेनं 2017 साली सायकल आराखडा मंजूर केला, मार्ग आखले, भाड्याच्या सायकली आणल्या. त्यातलं किती टिकलं ते पुणेकर रोज पाहतात. रस्ते आणि वाहतूक यांची चर्चा इथे करायची नाही. पण ज्या माणसानं स्वतःच्या हातानं सायकल उभी केली तो ती चालवतो, आणि चालवणाऱ्यालाच रस्ता आपला वाटतो, इतकं खात्रीनं सांगता येतं. ही रीत नवी नाही. 1923 साली मुंबईहून सायकलवर निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा 1928 साली जगाला वळसा घालून परत आले. वाळवंटात, जंगलात त्यांच्यामागे दुरुस्तीची गाडी नव्हती. आपली सायकल आपणच खोलायची, हे त्या काळी प्रत्येक दूरच्या सायकलस्वाराला गृहीतच होतं.

पुस्तकाची मांडणी काम करताना लागेल त्या ओघानं केली आहे. सायकल ओळखण्यापासून ती पहिल्यांदा सोसायटीच्या आवारात एक चक्कर मारेपर्यंतचा प्रवास सलग वाचता येतो, पण अडलेल्या माणसानं थेट हवं ते पान उघडलं तरी त्याचं काम भागेल. शब्द कारागिरांचेच ठेवलेत. चिमटा, छरे, आऊट, सूत हे शब्द ज्याला येतात त्याला दुकानदार गंभीरपणे घेतो. रंगकाम आणि मुलामा ही प्रकरणं मुद्दाम शेवटी आणि आखूड ठेवलीत. शर्यतीच्या सायकली, परदेशी गिअरच्या नव्या सायकली आणि विजेवरच्या सायकली यांना इथे जागा नाही; तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

वाचकांना एक विनंती. काम सुरू करण्याआधी सायकलीचे चारी बाजूंनी फोटो काढा, नंबर टिपून ठेवा, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून घ्या की ती कुठल्या दुकानातून, कुठल्या साली, कितीला घेतली. जुनं बिल, बिल्ला, दुकानदाराची पट्टी सापडली तर ती सायकलीबरोबरच जपा. महाराष्ट्रातल्या सायकल विक्रेत्यांची, त्यांनी कुठून काय आणलं आणि कुणाला विकलं याची एकत्र नोंद व्हायची राहिली आहे. ती व्हायची तर अशाच हजारो घरांतल्या कागदांवरून होईल.

कर्वेनगर, पुणे